कुशाच्या नजरेत भरेल असा फोन

११ एप्रिल

नवा फोन घ्यायचा. आज पक्कं केलं.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या आमचा पोरगा गोरख म्हणाला, 'आप्पा, या वयात कशाला?' तर दाखवता येईल. आमची नात मोहिनी जानेवारीत लोणीला जन्मली, सुनेच्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात बोलायला जागा नाही. पाचवा महिना लागला की एक जूनला वृषाली बाळाला घेऊन आमच्या वारूळवाडीच्या घरात येणार, आणि गोरख पुण्याहून रजा काढून येणार. आम्ही पाचही जण पहिल्यांदा एका दारात उभे राहणार. त्याचा फोटो माझ्या या खटाऱ्यावर काढायचा म्हणजे बाळाचा अपमान.

रोज संध्याकाळी वृषाली व्हिडिओ कॉल लावते. माझी बायको कुशा फोन पार नाकाला लावून बसते आणि रोज तेच म्हणते, "काय दिसंना वो. निस्तं धुकं." बारशाला लोणीला गेलो होतो तेव्हा बाळ तासभर तिच्या मांडीवर होतं, पण खोलीत अंधार होता म्हणे, तोंड नीट दिसलंच नाही. मला दारातून चांगलं दिसलं होतं. दारात उजेड असणार.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. कोण गाडीत उसापेक्षा पाचट जास्त भरून आणतो ते मी गाडीच्या आवाजावरून सांगायचो. मला कुणी दुकानदार फसवेल हे शक्य नाही. पण माझ्या काट्यापेक्षाही भरवशाची गोष्ट या घरात आहे, ती म्हणजे कुशाची नजर. टोमॅटोचा कुठला क्रेट आज बाजारात गेला पाहिजे आणि कुठला परवा, हे ती बांधावरून सांगते. म्हणून पद्धत अशी ठरवली आहे: फोन मी शोधायचा आणि पास-नापास कुशाने करायचं. ती पास करील तोच घ्यायचा.

१५ एप्रिल

नारायणगावात पहिलं दुकान. पोराचं तोंड फार चालतं. "काका, पन्नास मेगापिक्सेल!" मी म्हटलं, "बाबा, वजन पाचटासकट सांगतोस का सोडून?" त्याला काही कळलं नाही.

त्याने कुशाचा फोटो काढला आणि तिच्याच हातात दिला. तिने फोन लांब धरला, जवळ धरला, तिरका केला. मग म्हणाली, "समदं पिवळं पडलंय. आन् अंधुक बी हाय."

पोरगा म्हणतो, मावशी, स्क्रीनचा उजेड फुल आहे. मी त्याला चार शब्द सुनावले. जिला कच्च्या आणि पक्क्या टोमॅटोतला फरक नखाएवढा असला तरी दिसतो, तिला तू पिवळं म्हणजे काय शिकवणार? नापास.

१८ एप्रिल

भातात खडा. दाढ हलली. या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं. किराणावाला बदलला पाहिजे, तांदूळ निवडून देत नाहीत आजकाल.

२० एप्रिल

गोरख एक दिवसासाठी आला होता. त्याचा फोन ऑफिसातल्या लोकांमध्ये सगळ्यात भारी समजला जातो. म्हणाला, "आप्पा, डोळे झाकून हाच घ्या." अंगणात त्याने आईचा फोटो काढला, शेवग्याच्या झाडाखाली. मला तर पानापानाची शीर दिसत होती.

कुशाने बघितला. "ह्यो बी तसलाच रे."

गोरख आईकडे बघतच राहिला. "आई, चष्म्याचा नंबर कधी तपासलास?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या फोनचा नंबर तपास." असं म्हणून ती चुलीकडे निघून गेली.

मी गोरखला बाजूला घेऊन दम दिला. शहरात राहिलं की लोकांना महाग ते चांगलं वाटायला लागतं, आणि आईच्या नजरेवर शंका घेण्यापर्यंत मजल जाते. जाताना तो आईला बराच वेळ जवळ घेऊन उभा होता. नोकरीत काही ताण असेल, पुढच्या वेळी विचारायला हवं.

२५ एप्रिल

व्यापाऱ्याचा फोन. म्हणे, तुमच्या क्रेटमध्ये हिरवा माल लाल मालात मिसळलेला होता. वर म्हणतो, "पयल्यांदाच असं झालं, आप्पा." मी म्हटलं, माल कुशाबाईने निवडलाय. तिकडे उतरवताना तुमच्याच माणसांनी घोटाळा केला असणार. त्याच्याशी तीन वर्षांचा व्यवहार आहे, पण उद्यापासून दुसरा बघायचा.

पडवीतला दिवाही बदलला. कुशा पायरीवर दोनदा अडखळली. व्होल्टेजच नसतं आपल्याकडे, दिवा तरी काय करणार?

मंचरच्या दुकानातले दोन्ही फोन नापास.

३ मे

आज काही गाळायचं नाही, जसं झालं तसं लिहितो.

जुन्नरला फैजानच्या दुकानात गेलो. दुकान छोटं, पण माणूस सरळ. त्याची आई जन्नतबी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसलेली असते, हातात कायम काहीतरी विणकाम. फैजानने चार फोन मांडले. पहिला कुशाने नापास केला. मी दुसऱ्याच्या बॅटरीबद्दल विचारत होतो, तेवढ्यात कुशाने पलीकडचा एक फोन उचलला. तो नुसता चालू करून ठेवलेला होता, पडद्यावर कंपनीचेच फोटो एकामागून एक सरकत होते.

कुशाचा चेहरा असा फुलला की मी बोलायचं थांबलो.

"अगं बाई! मोहिनी! हसती बघा कशी!" तिने पडद्यावरून हात फिरवला, दोन्ही हात आपल्या कानशिलांना लावून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "ह्योच फोन चांगला हाय वो. ह्यात दिसली की माझी बाय. ह्योच घ्या."

मला वाटलं वृषालीने फोटो पाठवला आणि तो इथे कसा आला? मी वाकून बघितलं. पांढऱ्या टोपीतलं कुठलंतरी परदेशी बाळ होतं. निळे डोळे, लोण्यासारखं गोरं. आमची मोहिनी सावळी आहे आणि तिच्या डोक्यावर काळंभोर जावळ आहे.

फैजानने तोंड उघडलं होतं. जन्नतबीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो गप्प झाला.

"का वो? मोहिनी न्हाई का ती?" कुशाने मला विचारलं. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, पण माझं गप्प बसणं तिला ऐकू आलं असणार. शेवटी म्हटलं, "न्हाई गं. जाहिरातीतलं लेकरू हाय."

तिने फोन हळूच जागेवर ठेवला. जन्नतबी उठल्या, त्यांनी कुशाला आपल्या खुर्चीवर बसवलं. "वैनी, दिव्याकडं बघितलं की भोवती कडं दिसतंय का?"

"तुमाला कसं ठावं?"

"मला बी दिसायचं. आमचा फैजान दारात आला तर मी इचारायचे, कोण हाय म्हनून. मोतीबिंदू व्हता. काढून घेतला. आता ह्यो सुईचा दोरा मीच ववते बघा."

एसटीत कुशा डोळे मिटून बसली होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला एकेक गोष्ट आठवत होती. तांदळातले खडे. पायरी. हिरवा टोमॅटो. शेजारी बसलेल्या बायकोच्या डोळ्यांसमोर पडदा आला आणि काट्यावरच्या या हुशार माणसाने नारायणगाव ते मंचर सगळ्या दुकानदारांना शिव्या घातल्या. मला इतकं वाईट आजवर वाटलं नव्हतं.

४ मे

सकाळी चहा घेताना तीच बोलली. "मला कळत व्हतं."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तुमी समद्यांशी भांडत व्हता माझ्यापायी. फोनला नावं ठिवली, तांदळाला ठिवली, दिव्याला ठिवली. मला कायबी बोलला न्हाई. बरं वाटायचं वो."

मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

ऑपरेशनला मात्र ती तयार नाही. तिची मावशी डिंभ्याला असायची. फार जुनी गोष्ट, कुठल्याशा शिबिरात त्या मावशीने डोळा दाखवला आणि डोळाच गेला. "आता धुकं तरी दिसतंय. त्येबी गेलं तर मोहिनीचं तोंड जलमात दिसायचं न्हाई," म्हणते. मी म्हटलं, काळ बदललाय. म्हणाली, "डोळं तुमचं असतं तर बोलला नसता." बरोबर आहे तिचं. मला दाढ काढायची म्हटली तरी महिनाभर झोप येत नाही.

७ मे

गोरखला सगळं सांगितलं. तो लगेच आला. त्याला आधीच कळलं होतं म्हणे, पण मी दम दिल्यावर बोलायची हिंमत झाली नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्यानेही पुढे काही ताणलं नाही. पोरगा चांगला निघाला आहे.

कुशाला "नुसता नंबर तपासायचा" असं सांगून मंचरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिची समजूत घालायला मी रात्रभर मुद्दे जमवले होते. मोहिनीची शपथ, देवाचा कौल, जन्नतबीचा दाखला, सगळं तयार होतं.

डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाल्या, "मावशी, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय."

कुशा एकदम सरळ बसली. "पिकलाय? किती?"

"उजव्या डोळ्यातला पार पिकलाय. डावा थोडा मागे आहे."

"म्हंजी उजवा लाल आन् डावा कवडी?"

डॉक्टरीणबाईंना कळेना. आमच्याकडे कच्चेपणा सोडून रंग धरायला लागलेल्या टोमॅटोला कवडी म्हणतात. मी सांगितल्यावर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "हो मावशी, अगदी तसंच."

कुशाने पदर खांद्यावर ओढून घेतला. "मग लाल झाल्याला ठिवून चालत न्हाई. नासतो. तोडायलाच पायजे. कधी यायचं ते सांगा."

माझे सगळे मुद्दे खिशात राहिले. या बाईबरोबर एवढी वर्षं संसार करून मला अजून कळत नाही की तिचं भय कुठून येतं आणि कुठून निघून जातं.

१४ मे

उजवा डोळा झाला. आत नेताना तिने माझा हात सोडला आणि नर्सला म्हणाली, "चला बाई, तोडणी करून टाकू." बाहेर मी चार चहा प्यालो. गोरख मोबाईलवर काहीतरी वाचल्याचं सोंग करत होता, फोन उलटा धरलेला होता. अर्ध्या तासात तिला चालत बाहेर आणलं. मला वाटलं होतं पुष्कळ वेळ लागेल. देवाला दोन नारळ बोललो आहे.

१५ मे

जिंकलो! मोठ्या अक्षरात लिहितो आहे, कारण हळू लिहवत नाही.

पट्टी काढली. कुशाने डोळा मिचकावला, भिंतीकडे बघितलं. "ही भित्ताड निळी हाय व्हय? काल मला शेवाळी दिसली व्हती." मग खिडकीकडे बघितलं. मग नर्सच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून म्हणाली, "एवढं पांढरं असतं पांढरं?" आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, डोळ्याला ताण नको. तर रडता रडता हसायला लागली.

मग माझी पाळी आली. मी समोर उभा होतो, मला वाटलं आता काहीतरी प्रेमाचं बोलेल. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "अवो, कानावर केसं किती वाढल्यात! आन् ह्यो सदरा? एवढा मळका सदरा घालून मी तुमाला गावात फिरू दिला? लोकं काय म्हनली आसतील मला!"

एवढं गोड बोलणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

गोरखने लगेच लोणीला व्हिडिओ कॉल लावला. "आई, बघ, मोहिनी!" कुशाने तोंड फिरवलं आणि डोळ्यावर पदर धरला. "बंद कर रे. फोनमधनं न्हाई बघायची. एकदा दुसऱ्याच्याच लेकरावरनं बोटं मोडलीत मी. आता समोरच बघीन, एक तारखेला." वृषाली तिकडून म्हणाली, "बरोबर आहे आई, आम्ही येतोय."

१९ मे

त्या दिवसापासून संध्याकाळी फोन आला की कुशा नुसतं ऐकते. बाळ काही हुंकार देतं, ही इकडून उत्तर देते. पडदा मात्र भिंतीकडे वळवलेला असतो.

२४ मे

डॉक्टरीणबाईंनी फिरायला परवानगी दिली. पहिलं जुन्नर गाठलं. काळा गॉगल लावून कुशा फैजानच्या दुकानात शिरली ती एखाद्या साहेबासारखी. फैजानने खुर्ची पुसून दिली, जन्नतबीने तिचे दोन्ही हात धरले, तिच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुमच्या म्होरं खोटं बोलायची सोय राहिली न्हाई."

"फोन मांडा," कुशा म्हणाली.

या वेळी तिने स्वतः फोटो काढले. पहिल्या फोनवर जन्नतबीचा. बघितला आणि फैजानपुढे धरला. "तुझ्या आईला पिठात घोळली का रे? ह्या सुरकुत्या कुठं गेल्या? तीळ कुठं गेला?" फैजान म्हणाला, मामी, तो ब्युटी मोड आहे, लोकांना आवडतो. "आमच्यात समदी सावळी हाईत. माझी नात बी सावळी हाय. तिला कुणी गोरी करायची न्हाई. बाजूला ठिव."

दुसऱ्यावर मागचं सगळं धूसर करायची सोय होती. त्यात कुशाने स्वतःचा फोटो काढून घेतला, तर कानातली कुडी अर्धी पुसली गेली. "माझी कुडी खाल्ली मशीननं!" तोही गेला.

तिसरा हातात घेतला आणि मला म्हणाली, "दारात उभं ऱ्हावा." बाहेर कडक ऊन, दुकानात सावली, मी मधोमध. दाराबाहेरचं ऊन पाठीशी असलं की फोटोत माणसाचं तोंड कोळशासारखं येतं, हे मलाही माहीत आहे. तिने बटण दाबलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग फोन मला दाखवला. माझ्या तोंडावरची रेघ न् रेघ दिसत होती, पाठीमागच्या रस्त्यावरची केळ्याची गाडीसुद्धा.

"हे माझं मानूस हाय," ती म्हणाली. "ह्यो घ्या."

फैजान जरा चाचरत म्हणाला, "मामी, राग मानू नका. मागल्या वेळी तुम्ही पहिला नापास केला होता ना, तो हाच."

दुकान हसून हसून पार आडवं झालं. सगळ्यात जास्त कुशा हसली. फोनला तिनेच हळद-कुंकू लावलं, आणि पेढा मात्र जन्नतबीच्या तोंडात घातला.

१ जून

झालं. सगळं नीट झालं. आता सावकाश लिहितो.

गाडी सकाळीच आली. गोरखने अंगणात टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचून त्यावर नवा फोन टेकवून ठेवला होता. टायमर की काय ते लावलं होतं, एकदा बटण दाबलं की तो आपोआप फोटोमागून फोटो काढत राहतो. कुणी बाहेर राहायला नको, पाचही जण पाहिजेत, असं मीच बजावलं होतं.

वृषाली बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर, अर्धी फोनकडे वळून उभी राहिली. मी आणि गोरख दोन्ही बाजूंना. कुशा आतून आली. हातात ताट, भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या. गॉगल तिने मुद्दाम काढून ठेवला होता. निरांजन हललं नाही, इतकी ती जपून चालत होती.

भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घातलं. मग वृषालीने बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं.

कुशा थांबली. ताट हातात तसंच राहिलं. मोहिनीने तिच्याकडे बघितलं, निरांजनाकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. पोरीचे डोळे केवढे मोठे आहेत ते मलाही आजच कळलं. कुशा बघत राहिली. कपाळ, भुवया, गालावरची खळी, जावळातून डोकावणारा कान. सगळं एकेक करून, घाई न करता, शेतात पहिला तोडा निघाला की बघते तसं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पापणी लवत नव्हती.

"आई, फोटो! इकडं, फोनकडं बघ!" गोरख.

"थांब रे."

"आई, निघतायत फोटो!"

"निघू दे की. गप उभा ऱ्हा."

वृषालीचे हात भरून आले असतील, पण ती हलली नाही. मोहिनीने मूठ सोडली आणि आजीच्या नाकाला हात लावला. तेव्हा कुशाने ताट माझ्याकडे दिलं आणि तिला उचलून घेतलं. बोटं मोडायला हात रिकामे नव्हते, म्हणून नुसतं कपाळाला कपाळ लावलं.

नंतर सगळे फोन बघायला जमलो. फोटो असे आलेत की काय सांगू! दाराचं तोरण, वृषालीच्या बांगड्या, गोरखचे दात, माझा धुतलेला पांढराशुभ्र सदरा, मोहिनीचा खरा रंग. हा फोन निवडणाऱ्या नजरेला तोड नाही, हे मी आज पुन्हा लिहून ठेवतो.

गोरख मात्र एकेक सरकवत कुरकुरत होता. "छ्या! आपण सगळे बरोबर फोनकडे बघतोय. मोहिनीसुद्धा एकदा बघतेय. पण आप्पा, एकातही आई बघत नाहीये. परत काढू, हे सगळे डिलीट करतो."

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "नीट बघ रे. ह्या समद्यांत ती एकटीच बघतीय."